गावोगावी ग्रंथ नेणारे नृपती : श्रीमंत सयाजीराव गायकवाड

हिंदुस्थानातील सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास बहुधा नगरांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी रत्नागिरीस १८२८ साली आणि पुण्यास १८४८ साली निघालेल्या ग्रंथालयांची नावे प्रथम पुढे येतात. गावातील सुशिक्षित मंडळींनी एकत्र यावे, वर्गणी जमवावी, चार कपाटे भरतील एवढी पुस्तके आणावीत आणि वर्गणीदारांनी ती आळीपाळीने वाचावीत, अशी या संस्थांची सर्वसाधारण घडण होती. त्यांचे कार्य मोठे आहे, यात शंका नाही. परंतु शे-दीडशे उंबऱ्यांच्या खेड्यात, जेथे वर्गणी देऊ शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तेथे पुस्तक कसे पोहोचावे, हा प्रश्न या मार्गाने सुटण्यासारखा नव्हता. हा प्रश्न राज्यकारभाराचाच एक भाग आहे असे मानून त्याचे उत्तर शोधण्याचा फार मोठा प्रयत्न ज्यांनी केला, ते बडोद्याचे अधिपती श्रीमंत सयाजीराव गायकवाड, तिसरे. ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक उत्सवप्रसंगी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे सर्वथैव उचित होय.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे या लहानशा खेड्यात झाला. त्यांचे मूळचे नाव गोपाळ. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील. परंतु राजघराण्याचे वैभव त्या घरी नावालाही उरलेले नव्हते. शेती आणि गुरेढोरे हाच चरितार्थ. अशा घरातील मुलाचे बालपण जसे जावे तसेच गोपाळचे गेले. रानात हिंडणे, गुरांमागे जाणे, पिकाची राखण करणे, हे त्याचे शिक्षण. बाराव्या वर्षापर्यंत अक्षरांशी त्याचा परिचय जवळजवळ झालेलाच नव्हता.

इकडे बडोद्यास मोठी उलथापालथ झाली. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याच्या आरोपावरून महाराज मल्हारराव यांची चौकशी झाली आणि एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने गैरकारभाराचे कारण देऊन त्यांना पदच्युत केले. पूर्वीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याच्या शाखेतील मुलांना बडोद्यास आणण्यात आले आणि त्यांतून गोपाळची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन कवळाण्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा सयाजीराव या नावाने गादीवर बसला.

एका दिवसात राजा झालेल्या मुलाला साक्षर होण्यास मात्र काही वर्षे लागली. दिवाण राजा सर टी. माधवराव हे राज्याची घडी बसवीत होते. त्याच सुमारास एफ. ए. एच. इलियट या सनदी अधिकाऱ्याकडे तरुण महाराजांचे शिक्षण सोपविण्यात आले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास बरोबरीने सुरू झाला. इतर मुले ज्या वयात ग्रंथ वाचू लागतात त्या वयात सयाजीराव मुळाक्षरे गिरवीत होते. या उशिराची जाणीव त्यांनी आयुष्यभर बाळगली. पुढे वाचन हा त्यांचा नित्यनेम झाला. डोळ्यांना शीण होऊ लागल्यावर ग्रंथ वाचून दाखविण्यासाठी त्यांनी वाचक नेमले. गिबनकृत रोमन साम्राज्याच्या इतिहासाचे परिशीलन करून त्यांनी काढलेली टिपणे १८९६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बाराव्या वर्षी अक्षरओळख झालेल्या माणसाने तेहतिसाव्या वर्षी गिबनवर ग्रंथ प्रसिद्ध करावा, ही गोष्ट त्यांच्या परिश्रमाची साक्ष देते.

राज्याची सूत्रे आणि शिक्षणाचा ध्यास

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार आले. बडोद्याचे राज्य सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे प्रांत गुजरात व काठेवाडात विखुरलेले, मधून मधून इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थाने. आठ हजार चौरस मैलांच्या आसपासच्या या प्रदेशात विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे वीस लक्ष प्रजा राहत होती आणि तिच्यातील फार मोठा भाग खेड्यांत होता. राज्यकर्ते घराणे मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती. त्यामुळे दोन्ही भाषांची जोपासना हे सयाजीरावांनी आपले कर्तव्य मानले.

त्यांच्या कौटुंबिक जीवनात दुःखाचे प्रसंग वारंवार आले. प्रथम पत्नी, तंजावरच्या लक्ष्मीबाई ऊर्फ चिमणाबाई, १८८५ साली निवर्तल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा दुसरा विवाह देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई यांच्याशी झाला. बडोद्याच्या इतिहासात महाराणी चिमणाबाई, दुसऱ्या, म्हणून ज्या प्रसिद्ध आहेत त्या याच. पवारांच्या देवासची ही कन्या पुढे पडदा सोडून सार्वजनिक जीवनात आली. हिंदी स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यांनी सहलेखकासमवेत लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला आणि १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. माळव्यातील मराठी मंडळींना बडोद्याच्या या कार्याविषयी आपुलकी वाटावी, असा हा धागा आहे.

शिक्षणाच्या बाबतीत सयाजीरावांनी सावधपणाने पण न थांबता पावले टाकली. अंत्यज मानल्या गेलेल्या जातींतील मुलांसाठी त्यांनी कारकिर्दीच्या आरंभीच शाळा काढल्या. कलाकौशल्याच्या शिक्षणासाठी १८९० साली कलाभवन स्थापन झाले. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. तेरा वर्षे त्याचे गुणदोष पाहून १९०६ साली तो कायदा सर्व राज्यास लागू करण्यात आला. मुंबई, कलकत्त्याकडील इंग्रजी मुलखातही त्या वेळी असा कायदा नव्हता.

शाळा सुटल्यानंतर काय?

या कायद्यातूनच एक नवी अडचण उभी राहिली. सक्तीने शाळेत घातलेला शेतकऱ्याचा मुलगा चार-पाच इयत्ता शिके, लिहू-वाचू लागे आणि मग शाळा सोडून वडिलांच्या नांगरामागे जाई. त्यानंतर त्याच्या हाती छापील कागद पडण्याचा प्रसंग क्वचितच. घरी पुस्तक नाही, गावात पुस्तक नाही, विकत घेण्याची ऐपत नाही. काही वर्षांत तो शिकलेले विसरून जाई आणि राज्याने त्याच्या शिक्षणावर केलेला खर्च पाण्यात जाई. स्वतः उशिरा अक्षरे शिकलेल्या आणि वाचनानेच ती टिकविलेल्या राजाला या हानीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. शाळा हे आरंभाचे साधन, तिने दिलेले टिकवावयाचे तर गावात ग्रंथालय हवे, या निष्कर्षाला ते आले.

या बाबतीत एका शिक्षकाने त्यांच्या अगोदर पाऊल टाकले होते, हे सांगितले पाहिजे. वसो येथील मोतीभाई नरसिंहभाई अमीन यांनी १९०६ च्या सुमारास मित्रमंडळे स्थापन करून खेड्यापाड्यांत लहान लहान पुस्तकालये काढण्यास प्रारंभ केला होता. त्यांच्यापाशी सत्ता नव्हती आणि पैसाही नव्हता. गावातील तरुणांना एकत्र करण्याची हातोटी मात्र होती. सरकारी योजना आकारास येण्यापूर्वीच या मित्रमंडळांनी ग्रंथालय खेड्यात तग धरू शकते, हे दाखवून दिले. सयाजीरावांचा मोठेपणा असा की, त्यांनी या खाजगी प्रयत्नाला प्रतिस्पर्धी मानले नाही. मोतीभाईंनाच सरकारी ग्रंथालय खात्यात घेतले.

बॉर्डन यांचे आगमन

१९०६ साली अमेरिकेच्या प्रवासात सयाजीरावांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. कोणीही यावे, विनामूल्य पुस्तक मागावे आणि घरी न्यावे, ही तेथील रीत त्यांच्या मनात ठसली. १९१० साली ते पुन्हा अमेरिकेस गेले. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे ग्रंथपाल असलेले विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना त्यांनी बडोद्यास येण्याचे निमंत्रण दिले. बॉर्डन त्याच वर्षी बडोद्यास आले आणि तीन वर्षे राहिले. या तीन वर्षांत ग्रंथालयांचे स्वतंत्र सरकारी खाते उभे राहिले, वर्गीकरणाची पद्धत ठरली आणि ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. ग्रंथपालाचे काम म्हणजे किल्ल्या सांभाळणे, अशी समजूत असलेल्या काळात १९११ साली त्या कामासाठी शिक्षण देण्यात आले, ही हिंदुस्थानात सर्वस्वी नवी गोष्ट होती. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतील मजकुराचे ग्रंथालयविषयक नियतकालिकही निघू लागले.

मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया महाराजांच्या स्वतःच्या पुस्तकांनी घातला गेला. लक्ष्मीविलास राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ त्यांनी प्रजेच्या उपयोगासाठी देऊन टाकले. राजवाड्यातील कपाटांत राहिले असते तर ते राजाचे भूषण ठरले असते. मांडवीजवळच्या ग्रंथालयात गेल्यामुळे ते नगरातील कारकुनाच्या आणि विद्यार्थ्याच्या हाती पडले. तेथे स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी निराळी व्यवस्था होती. १९३१ साली या ग्रंथालयास नवी इमारत मिळाली. अमेरिकेतून मागविलेली पोलादी कपाटे आणि मजल्यांमध्ये बसविलेल्या जाड काचेच्या लाद्या ही तिची वैशिष्ट्ये. वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत उतरावा आणि दिवसा दिव्यावाचून पुस्तक शोधता यावे, हा त्या काचेचा हेतू होता.

तिसरा हिस्सा

नगरातील या वास्तूचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. सयाजीरावांच्या योजनेचे मर्म मात्र खेड्यासाठी केलेल्या एका साध्या नियमात होते. ज्या गावाला ग्रंथालय हवे असेल त्याने प्रथम स्वतः पैसे जमवावेत. गावाने वर्षाला शंभर रुपयांपर्यंत जी रक्कम उभी करावी तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने घालावी. मोठ्या गावांसाठी हीच मर्यादा तीनशे रुपयांची आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी सातशे रुपयांची होती. ग्रंथालयासाठी इमारत बांधावयाची झाल्यास तिच्या खर्चाचीही वाटणी याच रीतीने तीन हिश्शांत व्हावयाची.

या नियमात राज्यकर्त्याची दूरदृष्टी दिसून येते. संपूर्ण खर्च सरकारने केला असता तर ग्रंथालय सरकारी कचेरीसारखे परके झाले असते. कपाटाला वाळवी लागली तरी गावाला त्याचे दुःख झाले नसते. सर्व भार गावावर टाकला असता तर ते निघालेच नसते. तिसरा हिस्सा गावाचा असल्यामुळे पुस्तक हरवले तर ते गावाचे हरवले आणि नवे आले तर गावाच्या घामातून आले, अशी भावना निर्माण होण्यास जागा मिळाली. हुकूमनाम्याने शाळेत मुलांना बसविता येते. वाचावयास कोणाला बसविता येत नाही, हे या अधिपतीने ओळखले होते. म्हणून शिक्षणाला त्यांनी सक्ती लावली आणि ग्रंथालयाच्या बाबतीत पहिले पाऊल गावावर सोपविले.

जी गावे शंभर रुपयेही उभे करू शकत नव्हती त्यांच्यासाठी फिरत्या ग्रंथालयांची सोय होती. मजबूत लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या मध्यवर्ती खात्यातून गावोगावी पाठविल्या जात. जाण्यायेण्याचे भाडे खाते सोशी. गावातील शाळामास्तर किंवा एखादा जबाबदार गृहस्थ पेटी ताब्यात घेई, पुस्तके वाटून देई, परत घेई आणि ठरलेल्या मुदतीनंतर पेटी माघारी पाठवून दुसरी मागवी. तालुक्याच्या ठिकाणाहून दूर, आडवाटेला असलेल्या गावात अशी एक पेटी उघडली जाणे म्हणजे केवढी घटना असेल, याची कल्पना धार जिल्ह्यातील डहीसारख्या लहान गावातील वाचकांना सहज करता येईल.

बॉर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी खात्याची धुरा वाहिली. दत्त हे महाराजांचे वाचक म्हणूनही काम करीत. मोतीभाईंनी ग्रंथालयांना पुस्तके व सामान रास्त भावात मिळावे म्हणून सहकारी मंडळ उभे केले. चौथ्या दशकाच्या अखेरीस राज्यातील ग्राम-ग्रंथालयांची संख्या हजाराच्या वर गेली होती.

ग्रंथालये निघाली तरी वाचावयाचे काय, हा पुढचा प्रश्न. देशी भाषांत उपयुक्त ग्रंथ थोडे. यासाठी सयाजीरावांनी १९१२ साली दोन लक्ष रुपयांचा निधी वेगळा काढला. त्याच्या व्याजातून मराठी व गुजरातीत साहित्यमाला आणि मुलांसाठी ज्ञानमाला प्रसिद्ध होऊ लागल्या. संस्कृत हस्तलिखितांच्या संशोधनातून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निर्माण झाली आणि तिच्या आरंभी राजशेखराची काव्यमीमांसा १९१६ साली प्रकाशात आली. राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांतील कोश, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु, १९३१ साली सिद्ध झाला. १९३२ साली कोल्हापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीरावांना देऊन मराठी साहित्यिकांनी या सेवेचा गौरव केला.

राजाज्ञेच्या मर्यादा

हे सर्व कार्य निर्वेधपणे चालले असे मात्र नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहांपुढे मुजरा करताना महाराजांनी शिष्टाचार पाळला नाही, असा गवगवा झाला आणि इंग्रज अधिकाऱ्यांची त्यांच्यावर वक्रदृष्टी वळली. ग्रंथालय खाते बाळसे धरीत होते त्याच वर्षी आपले सिंहासन राखण्यासाठी त्यांना खुलासे द्यावे लागले. घरातही आघातांमागून आघात झाले. युवराज फत्तेसिंहराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली गेले. पुत्रशोक पचवून ते कामाला बसत राहिले.

याहून कठीण मर्यादा समाजाच्या मनाची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षण घेऊन ते १९१७ साली करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या नगरात त्यांना राहावयास जागा मिळेना. जात लपवून घेतलेला आसराही सुटला आणि अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. ग्रंथांची दारे राजाने उघडली होती. माणसांच्या घरांची दारे उघडणे त्याच्या हाती नव्हते. सयाजीरावांच्या चरित्राचा गौरव करताना हा प्रसंग झाकून ठेवणे योग्य नव्हे. उलट त्यावरून त्यांच्या प्रयत्नांची निकड अधिकच पटते. अशी मने बदलण्यास हुकूम पुरत नाहीत. विचारांची पेरणी लागते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते.

अखेर आणि वारसा

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे सयाजीराव निधन पावले. त्यांच्या राज्यकारभाराला तेव्हा त्रेसष्ट वर्षे पूर्ण होऊन गेली होती. मोतीभाई अमीन यांचेही देहावसान त्याच वर्षी झाले. एका चळवळीचे दोन आधारस्तंभ, एक सिंहासनावरचा आणि एक शाळेच्या खोलीतला, एकाच वर्षी ढासळले.

नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानाबरोबर त्याचे ग्रंथालय खातेही इतिहासजमा झाले. मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालय मात्र राहिले आणि वाचकांची सेवा करीत राहिले. दरम्यान ग्रंथालय ही लोकांची गरज आणि राज्याची जबाबदारी आहे, हा विचार देशात रुजत गेला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली, मद्रास प्रांताने १९४८ साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा केला. या विचाराला लोकांपुढे प्रत्यक्ष उदाहरण म्हणून ठेवण्याचे श्रेय बडोद्याकडे जाते.

राजे गेले, संस्थाने गेली, खजिन्यातून येणारा हिस्साही गेला. गावाचा हिस्सा मात्र ज्याचा त्याच्यापाशीच आहे. जेथे जेथे एखादे जुने ग्रंथालय शंभर वर्षे टिकले आहे, तेथे कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी भरली आहे, फाटलेली पाने चिकटविली आहेत, संध्याकाळी वेळेवर दार उघडले आहे. कवळाण्याच्या रानात गुरांमागे फिरणाऱ्या एका मुलाने उशिरा अक्षरे शिकून राज्यभर जे पेरले, त्याचे मोल अशा संस्थांच्या सभासदांना आणि आश्रयदात्यांना इतरांपेक्षा अधिक कळेल. त्यांच्या स्मृतीस हे विनम्र अभिवादन.